पाठमोरी बाई आणि गरम पाण्याची वेळ

पर्यटनाची कुठलीही वेबसाइट उघडा, तिथे एक बाई पाठमोरी बसलेली असते. डोक्यावर रुंद काठाची हॅट, अंगात पांढराशुभ्र झगा आणि समोर निळंशार पाणी. पाणी मालदीवचं असेल, केरळच्या बॅकवॉटरचं असेल, नाहीतर पवना धरणाचं, बाई तीच. तिच्याबरोबर नवरा नाही, पोरं नाहीत, सासूबाईंची नी-कॅप नाही, खाऊची पिशवी नाही, एवढंच काय, साधी पाण्याची बाटलीसुद्धा नाही. ही एकटी इथवर आली कशी, कुणाच्या गाडीनं आली, अंधार पडायच्या आत परत जाणार का, असले प्रश्न वेबसाइटला पडत नाहीत. आमच्या घरात पडतात. आमच्या मोठ्या काकूंनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, "पांढरं घालून बसलीय खुशाल. त्या दगडावर शेवाळ असणार. उठली की कळेल."

ही बाई तिथे सहज येऊन बसलेली नाही, तिला बसवलेलं आहे. चेहरा दिसला तर ती परकी होते. पाठ दिसली तर बघणारा तिच्या जागी स्वतःला बसवून पाहतो, असा त्यामागचा हिशेब. धंद्यात याला 'इमोशनल डिझाइन' म्हणतात. खोली विकायची नाही, खोलीत शिरल्यावर जे वाटेल ते विकायचं. म्हणून वेबसाइटवर खोलीची लांबीरुंदी सापडत नाही, पण 'स्वतःला नव्यानं भेटा' हे वाक्य हमखास सापडतं. आपण पाच जण, दोन खोल्या आणि एक एक्स्ट्रा गादी एवढ्या सामानानिशी निघालेलो असतो. त्यात आणखी स्वतःला भेटायचं म्हणजे सहावी गादी कुठे टाकणार?

या विषयावरचं गाजलेलं पुस्तक डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाचं. त्याचं नावच 'इमोशनल डिझाइन' आणि ते आलं २००४ साली. नॉर्मनचं म्हणणं असं की माणूस वस्तूशी तीन पातळ्यांवर वागतो. पहिली आतड्याची, म्हणजे पाहताक्षणी आवडलं की नाही. दुसरी वापराची, म्हणजे काम नीट होतं की नाही. तिसरी विचाराची, म्हणजे ती वस्तू आपल्याबद्दल काय सांगते आणि चारचौघांत तिच्याबद्दल काय सांगता येतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरनं केलेलं, तीन लांब पायांवर उभं असलेलं लिंबू पिळायचं यंत्र आहे. नॉर्मननं ते स्वतः विकत घेतलं, तेही सोन्याचा मुलामा दिलेलं. सोबतच्या कार्डावर लिहिलं होतं की यात लिंबू पिळू नका, आंबट लागून मुलामा जाईल. त्यानं ते घराच्या प्रवेशाशी ऐटीत मांडून ठेवलं. मराठी वाचकाला हे सांगायला अमेरिकेतून कुणी यायला नको. आपल्याकडे प्रत्येक शोकेसमध्ये बोन चायनाचा एक टी-सेट असतो. तो लग्नात आलेला असतो आणि फक्त दिवाळीत, पुसण्यापुरता, बाहेर येतो. पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात.

तर नॉर्मनच्या तीन पातळ्यांपैकी पर्यटनवाल्यांनी पहिली पक्की धरली आणि उरलेल्या दोन आपल्यावर सोडून दिल्या. सगळा पैसा आतड्यावर. पान उघडताच ड्रोन उडतो. ड्रोन आल्यापासून महाराष्ट्रातला एकेक किल्ला आपण घारीच्या उंचीवरून पाहायला लागलो आहोत. रायगडाच्या पायऱ्या दीड हजाराच्या घरात आहेत, त्यातली एकही ड्रोनला चढावी लागत नाही. बासरी वाजते, ढग सरकतात, होळीचा माळ दिसतो, अंगावर काटा येतो. तो खराच येतो, त्यात खोटं काही नाही. पण घरातल्या पाच जणांपैकी दोघांचे गुडघे गेलेले असतात आणि त्यांना काट्यापेक्षा रोपवे किती वाजता सुरू होतो आणि दुपारी जेवणासाठी बंद असतो का, हे कळायला हवं असतं. ते चौथ्या पानावर, पीडीएफमध्ये.

कासच्या पठाराचंही तेच. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेलं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात एवढ्या हंगामात सगळा महाराष्ट्र तिकडे निघाला. फोटोत क्षितिजापर्यंत जांभळा गालिचा, मधोमध हात पसरून उभी असलेली मुलगी आणि दुसरं चिटपाखरू नाही. प्रत्यक्षात धुकं, रेनकोट, शिट्ट्या मारणारे वनसमितीचे लोक आणि "अहो काका, फुलांवर नका बसू!" मुख्य म्हणजे फूल नखाएवढं असतं. ते पाहायला उकिडवं बसावं लागतं आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. बसलात तर मात्र पैसे वसूल. त्या जांभळ्या गालिच्यातलं बरंचसं फूल असतं सीतेच्या आसवांचं, आणि एवढं हळवं नाव असलेली ही वनस्पती कीटकभक्षी आहे. वरून जांभळी नाजूक फुलं, खाली बारीक पिशव्यांचे सापळे. ही एवढी माहिती वेबसाइटवर पहिल्या ओळीत टाकली तर शाळकरी पोरं आईबापांना ओढत घेऊन जातील. पण नाही. हात पसरलेली मुलगीच पाहिजे.

आता दुसरी पातळी, वापराची. इथे जो अनुभव येतो त्याला भावनिकच म्हणावं लागेल, फक्त भावना निराळ्या. एका बुकिंगच्या पानावर आमच्या आजोबांची जन्मतारीख भरायची होती. आजोबा १९४३चे. भाच्यानं जन्मतारखेवर बोट ठेवलं तसं एक सुबक कॅलेंडर उघडलं, चालू महिन्याचं. डावीकडे एक छोटा बाण. एकदा दाबला की एक महिना मागे. वर्ष थेट लिहायची सोय नाही. भाचा बाण दाबत निघाला. लॉकडाऊन मागे पडला. नोटबंदी आली आणि गेली. २०११चा विश्वचषक आला तेव्हा घरात थोडी चर्चा झाली. १९९५ साली गणपती दूध प्यायले तेव्हा आपण कुठल्या रांगेत उभे होतो, हे काकूंनी सांगून घेतलं. त्र्याऐंशीचा विश्वचषक आल्यावर भाच्यानं अंगठा बदलला. आणि १९७५चा जून आला, तेवढ्यात पान पांढरं पडलं: 'तुमच्या सत्राची वेळ संपली आहे. कृपया पुन्हा लॉग इन करा.'

"पंचाहत्तरचा जून ना?" आजोबा शांतपणे म्हणाले. "तेव्हाही असंच अचानक झालं होतं."

सरकारी पर्यटन वेबसाइटींची तऱ्हा वेगळी. तिथे धबधब्याच्या आधी मान्यवरांचे फोटो असतात, हसतमुख, धबधब्यापेक्षा ताजे. वरच्या कोपऱ्यात तीन आकारांतलं 'अ' असतं आणि शेजारी 'मुख्य मजकुराकडे जा' असा दुवा. हा दुवा स्क्रीनरीडर वापरणाऱ्या दृष्टिहीनांसाठी असतो आणि फार चांगली सोय आहे, तिची थट्टा नको. पण डोळे शाबूत असलेल्यांनाही तिथे मुख्य मजकूर सापडत नाही, त्यामुळे आमच्याकडे तो दुवा सगळेच आशेनं दाबतात. दाबल्यावर निविदा सूचना उघडतात.

घोषवाक्यांचंही थोडं सांगायला हवं. राजस्थाननं २०१६ साली लोकगीतातलं जुनं आगतस्वागताचं घोषवाक्य बाजूला ठेवलं आणि 'जाने क्या दिख जाए' असं नवं आणलं. पुढे सरकार बदललं आणि जुनं परत आलं. माझ्या मते घाई झाली. भारतीय पर्यटनाच्या इतिहासात एवढं प्रामाणिक वाक्य दुसरं झालेलं नाही. ऑनलाइन खोली घेऊन तिचं दार उघडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात त्या क्षणी नेमकं हेच असतं.

कारण फोटो. वाइड-अँगल लेन्सनं दहा बाय दहाच्या खोलीत बॅडमिंटन खेळता येईल असं दिसतं. पलंगावर टॉवेलचे दोन हंस माना जुळवून बसलेले असतात, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. "ह्या पाकळ्या झाडायच्या कुणी?" हा घरातला पहिला प्रश्न, आणि "हंस सोडले तर पुसायला टॉवेल दोनच ना?" हा दुसरा. 'सी व्ह्यू' म्हणजे बाल्कनीत डाव्या टोकाला जाऊन, कठड्याला धरून, मान बाहेर काढली की नारळाच्या दोन झावळ्यांमध्ये जे चमकतं ते. 'गार्डन व्ह्यू' म्हणजे पार्किंग, कडेला कुंड्या. हे आपल्याला पाठ झालेलं आहे, तरी फोटो पाहिला की आपण पुन्हा विरघळतोच. नॉर्मनच्या पहिल्या पातळीचा विजय असो.

बरं, हे गल्लीतल्या लॉजवाल्यांपुरतं आहे असंही नाही. २०२३ साली फिलिपिन्सनं 'लव्ह द फिलिपिन्स' म्हणून मोठी मोहीम काढली. तिच्या व्हिडिओतली काही दृश्यं इंडोनेशिया, थायलंड, अशा परदेशांतली निघाली आणि जाहिरात कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी इटलीनं बोत्तिचेल्लीच्या चित्रातल्या व्हीनसला आधुनिक कपडे घालून कोमो सरोवराकाठी पिझ्झा खायला बसवलं. व्हिडिओत मजेत वाइन पिणारी मंडळी होती, ती स्लोव्हेनियात चित्रित केलेली निघाली. ज्या देशात कुठेही कॅमेरा ठेवला तरी चित्र सुंदर येतं, त्या देशाला शेजाऱ्याकडून दृश्य उसनं आणावंसं वाटलं, तर आपल्या एखाद्या खाडीकाठच्या रिसॉर्टनं मालदीवचा फोटो टाकला म्हणून त्याला काय बोलायचं?

आपल्याकडे तर ठिकाणाला ते स्वतः म्हणून विकलं जायची प्रथाच नाही. तापोळा हे 'मिनी काश्मीर'. चिखलदरा 'विदर्भाचं नंदनवन'. कोकणाचा कॅलिफोर्निया व्हायचा आहे, त्याची तारीख निवडणुकीनुसार पुढे जाते. हिमाचलातलं खज्जियार 'मिनी स्वित्झर्लंड', आणि तिथे स्वित्झर्लंडची राजधानी बर्न ६,१९४ किलोमीटर असा रीतसर फलक आहे. म्हणजे आलात तिथे उभे राहून, जिथे गेला नाहीत ते किती लांब आहे ते पाहायचं. आणि खुद्द स्वित्झर्लंडला जावं, तर टिटलिस पर्वताच्या माथ्यावर शाहरुख आणि काजोल यांचा कटआउट उभा, आणि युंगफ्राउयोखला 'बॉलीवूड' नावाचं भारतीय रेस्टॉरंट. आपण काश्मीरसाठी तापोळ्याला जातो आणि स्वीस मंडळी आपल्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून बर्फात बॉलीवूड मांडतात. इमोशनल डिझाइन कुणाला कळलंय ते यावरून ठरवा.

खरा भावनांचा कल्लोळ मात्र बुकिंगच्या पानावर होतो. मागच्या उन्हाळ्यात कोकणात जायचं ठरलं. ठरलं म्हणजे कुटुंबाच्या ग्रुपवर मेव्हण्यानं एका हॉटेलची लिंक टाकली. ठाण्यातून बहिणीनं ती उघडली, पुण्यातून वहिनीनं उघडली, भाच्यानं उघडली, मी उघडली. तेवढ्यात पानावर लाल अक्षरं आली: 'फक्त २ खोल्या शिल्लक! आत्ता ५ जण हे हॉटेल पाहत आहेत!' वहिनीचा लगेच फोन. "भाऊजी, गर्दी वाढतेय. आपण घेऊन टाकू या." मेव्हणे म्हणाले, "हो हो, कोण लोक असतील काय माहीत, पटकन घ्या." कोण लोक असतील ते काकूंनी बोटं मोजून सांगितलं. "अगं, मेव्हणे धरून पाच जण आपणच की!"

या लाल अक्षरांवर सरकारचंही लक्ष गेलेलं आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा युक्त्यांची त्यात यादी आहे. (हे 'डार्क पॅटर्न' नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१०मध्ये दिलं.) सरकारी भाषेत लिहिलेला मजकूर एरवी मी झोपेसाठी वाचतो, पण हा जागा ठेवतो. कारण उदाहरणं बघा. खोट्या घाईचं उदाहरण: दोनच खोल्या उरल्या आहेत, तीस जण आत्ता हेच पाहत आहेत. न सांगता गळ्यात मारण्याचं उदाहरण: विमानाचं तिकीट काढताना आपोआप जोडला गेलेला प्रवास विमा. किमतीच्या लपंडावाचं उदाहरण: विमानाचं तिकीट, आधी दाखवलं एक आणि पैसे भरताना घेतलं जास्त. म्हणजे फसवणुकीचा नमुना द्यायचा म्हटल्यावर साहेबांच्या डोळ्यांसमोर पुन्हापुन्हा प्रवासच येतो. साहेबांनीही कधीतरी सहकुटुंब बुकिंग केलं असणार.

ब्रिटनमध्ये हेच थोडं आधी झालं. तिथल्या स्पर्धा नियामकानं २०१९ साली हॉटेल बुकिंगच्या मोठ्या वेबसाइटींकडून लिहून घेतलं की गर्दीचा असा खोटा बागुलबुवा दाखवणार नाही. आपल्याकडे बागुलबुवा अजून अधूनमधून येतो, पण आता निदान तो बेकायदा आहे.

तेरा युक्त्यांतली माझी आवडती म्हणजे लाजवून होकार घेण्याची. तिचंही उदाहरण विमान तिकिटाचंच आहे: विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवावं लागतं. नुसतं 'नको' म्हणायची सोय नाही, आधी स्वतःच्या तोंडानं कबुली द्यायची. आमच्या वडिलांपुढे असं एक वाक्य आलं तेव्हा ते चष्मा सावरून म्हणाले, "हो, राहीन. गेली साठ वर्षं एसटीनं हिंडतोय, ती काय सुरक्षित म्हणून?" आणि त्यांनी ठासून बोट ठेवलं. डिझायनरनं दक्षिण मुंबईतल्या काचेच्या ऑफिसात बसून एवढी नाजूक शरमेची रचना केली, ती सदाशिव पेठेत पहिल्याच तडाख्यात मोडली. याच वडिलांना रेल्वेच्या तिकिटाबरोबर ४५ पैशांत १० लाखांचा विमा मिळतो हे कळल्यावर ते अस्वस्थ झाले. "एवढ्या स्वस्तात देतायत म्हणजे काहीतरी असणार." तरी घेतला. ४५ पैसे म्हणजे अखेर ४५ पैसे.

थांबायला लावण्यातही डिझाइन असतं. विमानाचं भाडं शोधताना पडद्यावर 'या कंपनीचे दर तपासत आहोत, आता त्या कंपनीचे' असं एकेक येत जातं. हार्वर्डच्या रायन ब्युएल आणि मायकेल नॉर्टन यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशीच एक प्रवासाची वेबसाइट बनवली. आपल्यासाठी काय काय खटपट चालली आहे हे दिसत राहिलं, तर लोकांना वाट पाहायला लावणारी वेबसाइट झटपट उत्तर देणाऱ्या वेबसाइटपेक्षाही अधिक मोलाची वाटू शकते, असं त्यांना आढळलं. माणसाला समोरच्याचे कष्ट दिसले की पैसे देताना हात आखडत नाही. एकच कच्चा दुवा राहिला: प्रयोगात कुणाच्या मागे उभं राहून "झालं का? झालं का?" विचारणारं कुणी नव्हतं.

आता ज्या भावनेची एवढी आरास मांडलेली असते, ती आपली असते का? वेबसाइट म्हणते शांतता, एकांत, विसावा. आपल्या प्रवासाच्या भावना याहून फार ठाम असतात. गरम पाणी किती ते किती? गिझर खोलीत आहे की बंब मागे? कमोड आहे ना? तळमजल्याची खोली मिळेल का? ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय काय? चेक-आउट दहाला म्हणजे दहालाच की जरा इकडेतिकडे? चतुर्थी मध्येच येतेय, साबुदाण्याची खिचडी करतील का, आणि करतील तर शेंगदाण्याच्या तेलात ना? डास? लाइट गेले तर इन्व्हर्टर पंख्याला आहे की नुसता दिव्याला? या प्रत्येक प्रश्नामागे जुनी जखम असते. कुणीतरी कुठेतरी पहाटे थंड पाण्यानं आंघोळ केलेली असते आणि ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली गेलेली असते. तरी एकही वेबसाइट पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहीत नाही: गरम पाणी सकाळी ६ ते ९. नुसतं वाचून कितीतरी घरांत एक निःश्वास सुटेल. पाठमोऱ्या बाईनं हे होणार नाही.

म्हणून आपली माणसं वेबसाइट वरून खाली सरकवत थेट रिव्ह्यूपाशी जातात. खरं साहित्य तिथे आहे. एकाचं: 'ठिकाण उत्तम. सुरमई ताजी. सोलकढी परत परत मागितली तरी तोंड वाकडं केलं नाही. मोबाइलला रेंज नाही म्हणून दोन स्टार कमी.' लगेच खाली दुसऱ्याचं: 'रेंज नाही म्हणून पाच स्टार.' समुद्राला लाटा जास्त असल्याची तक्रार मी वाचलेली आहे, आणि खाली मालकानं दिलेलं उत्तरही: 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' मी त्या मालकाकडे आवर्जून राहायला जाणार आहे.

माझ्या पाहण्यातलं सर्वांत चांगलं इमोशनल डिझाइन गुहागरकडच्या एका घरगुती निवासाचं आहे. त्यांची वेबसाइट होती म्हणे, ती बंद पडली. आता फक्त व्हॉट्सॲप. चौकशी केली की आधी तिथल्या मालकीण काकूंचा व्हॉइस मेसेज येतो, मागे कुठेतरी कोंबडा. मग फोटो येतात, मुलानं काढलेले, एकात त्याचं बोट आलेलं. पहिला फोटो संडास-बाथरूमचा: कमोड, निळी बादली, मग, भिंतीला दोन हुक. नंतर खोली, दिवा लावलेली आणि न लावलेली. मग मजकूर: 'गरम पाणी बंबाचे, सकाळी ५॥ पासून. खोली अंगणालगत आहे, दोन पायऱ्या, कठडा आहे. मासे बाजारात काय येते त्यावर. मोदक हवे तर आदल्या दिवशी सांगा. समुद्र चालत १२ मिनिटे, आजी बरोबर असतील तर २०. ॲडव्हान्स पाठवून स्क्रीनशॉट टाका. गाडी अंगणात लागेल, फणसाखाली लावू नये.'

फणसाखाली लावू नये. या एका वाक्यात नॉर्मनच्या तिन्ही पातळ्या आल्या. फणस आहे, हे वाचून आतड्याला बरं वाटतं. गाडी कुठे लावायची, हे वापराचं कळतं. आणि टपावर फणस पडून चेपलेल्या कुणाच्या तरी गाडीची गोष्ट तिथे गेल्यावर ऐकायला मिळणार आणि आल्यावर सांगायला होणार, ही तिसरी पातळी. समुद्राला 'आजी बरोबर असतील तर २०' मिनिटं लावणारी काकू कुठल्या डिझाइन शाळेत शिकली ते माहीत नाही, पण तिथे प्रवेश मिळत असेल तर काचेच्या ऑफिसातल्या मंडळींना पाठवायला हवं.

नेदरलँड्समध्ये दीड हजारावर लोकांना विचारून केलेला एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी असतात, पण ती जायच्या आधी. परत आल्यावर, अगदी निवांत सुट्टी झालेल्या थोड्या लोकांचा अपवाद सोडला, तर फरक उरत नाही. याचा सरळ अर्थ असा की सहलीतला मोठा आनंद ग्रुपवर लिंका टाकण्यात, "हे बघितलंस का" म्हणण्यात, काकूंच्या शंकांत आणि वडिलांच्या संशयात आधीच होऊन जातो. वेबसाइटवाल्यांच्या हातात आपल्या सुट्टीचा हा एवढा मोठा भाग आहे, आणि तो ते लाल अक्षरांनी आणि मागे जाणाऱ्या बाणांनी नासवतात.

तेव्हा पर्यटनाच्या वेबसाइटी बनवणाऱ्या तमाम बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. ती बाई राहू दे, तिचं पोट तुमच्यावर असेल. पण तिच्या शेजारी बाथरूमचा एक खरा फोटो टाका. पायऱ्या किती ते लिहा. गरम पाण्याची वेळ लिहा. जन्मसाल टाइप करू द्या. आणि पानाच्या तळाशी फोन नंबर दिलाच असेल, तर दुपारी एक ते चार सोडून केव्हाही चालेल, पण कुणीतरी तो उचला.